जनुक गप्प करता येते. औषध अजून गाठीपर्यंत पोहोचायचे आहे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अलीकडेच 'जनुकाचा आवाज बंद करून स्वादुपिंडाचा कर्करोग रोखता येणार' अशा आशयाची बातमी प्रसिद्ध झाली. त्या बातमीतील शास्त्र चुकीचे नव्हते. मात्र प्रयोग उंदरांवर झाला होता, ही गोष्ट शेवटून दुसऱ्या वाक्यात आली होती, आणि माणसांवरील चाचण्या कुठवर आल्या आहेत याचा उल्लेख कुठेच नव्हता. निरोगी वाचकाला हे दोन्ही तपशील किरकोळ वाटतील. ज्या घरात या आजाराचा रुग्ण आहे, त्या घरात मात्र अशी बातमी फार वेगळ्या रीतीने वाचली जाते, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझे थोरले बंधू सहा वर्षांपूर्वी याच आजाराने गेले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना अचानक मधुमेह निघाला. आमच्या घराण्यात तो कुणाला नव्हता. पुढे वजन उतरत गेले, ते साखरेमुळेच असे आम्ही धरले, आणि त्यांना तपासणाऱ्यांनीही तसेच धरले. पाठीतून कळ येई, ती मणक्याची समजून शेक घेणे चालू होते. पाच महिन्यांनी डोळे पिवळे झाले, तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि कळले, की गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसली आहे व शस्त्रक्रिया शक्य नाही. पित्तनलिकेत स्टेंट बसवून कावीळ उतरवली आणि केमोथेरपी सुरू झाली. दोन फेऱ्या पार पडल्यावर नात्यातल्या एकाने वर्तमानपत्रातील एका बातमीचा फोटो मोबाइलवर पाठवला. विषय हाच होता: जनुक गप्प करून उंदरांमधील गाठी आटल्या. दादांनी तो मजकूर दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "तू हेच शिकवतेस ना? मग हे औषध येईपर्यंत केमो थांबवू या. तोवर अंगात ताकद राखून ठेवतो."

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे. बारावीच्या मुलांना आनुवंशिकतेचे प्रकरण शिकवताना माझा हात कधी अडला नव्हता. पण त्या दुपारी मला दादांना उत्तर देता आले नाही, कारण हे औषध 'येईपर्यंत' म्हणजे नेमके किती, याचा त्या बातमीत पत्ता नव्हता आणि माझ्याजवळही तो नव्हता. तिसरी फेरी तीन आठवडे पुढे गेली. अखेर त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी दहा मिनिटे शेजारी बसून सगळे समजावले आणि उपचार पुन्हा सुरू झाले. त्या तीन आठवड्यांनी काय फरक पडला हे कुणालाच सांगता येणार नाही, परंतु ते वाया गेले ही सल माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आले. त्यातून जे निश्चित समजले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवते.

आपल्या पेशीतील डीएनए म्हणजे देवघरात जपलेली मूळ पोथी, असे मी वर्गात सांगत असे. पोथी देवघराबाहेर नेत नाहीत. हवा असेल तेवढा उतारा कागदावर उतरवून घेतात. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. पेशीतले कारागीर ती नक्कल वाचून प्रथिन घडवतात, आणि पेशीचे बहुतेक सारे काम प्रथिनांकडून होते. जीन सायलेन्सिंग, म्हणजे जनुकाला गप्प करणे, या तंत्रात पोथीला हात लावला जात नाही. कारागिराच्या हाती पडण्याआधीच ती नक्कल फाडून टाकली जाते. जनुक जागच्या जागी असते, बोलतही असते, पण त्याचा निरोप कुठे पोहोचत नाही. क्रिस्पर नावाचे जे तंत्र हल्ली चर्चेत असते, त्यात थेट पोथीतच खाडाखोड होते आणि ती कायमची राहते. या दोन गोष्टी बातम्यांमध्ये वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात. फरक महत्त्वाचा आहे, कारण फाडलेल्या नकलेच्या जागी पेशी नवी नक्कल उतरवत राहते. जनुक गप्प करण्याचा परिणाम म्हणून तात्पुरता असतो आणि औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

या शोधाची कहाणी एका बागेतल्या फुलापासून सुरू होते, आणि ती मला फार आवडते. १९९० मध्ये अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा, म्हणून रंग तयार करणाऱ्या जनुकाची जादा प्रत त्या झाडात घातली. फुले गडद व्हायची ती चक्क पांढरी किंवा ठिपकेदार आली. जादा जनुकाने मूळ जनुकालाही गप्प केले होते. हे का घडले, याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवर प्रयोग करून केला. त्यांना दिसले, की आरएनएचा एकपदरी धागा टोचला तर फारसे काही होत नाही, दुपदरी धागा टोचला तर मात्र त्याच्याशी जुळणारे जनुक हमखास गप्प होते. पेशीतील डायसर नावाचे विकर (एन्झाइम) तो दुपदरी धागा कापून सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते. त्यातला एक पदर प्रथिनांच्या एका संचात जाऊन बसतो, आपल्याशी जुळणारी नक्कल शोधतो आणि ती कापून टाकतो. एकच संच अशा अनेक नकला एकामागून एक कापू शकतो, म्हणून थोडे औषधही पुष्कळ काम करते. २००१ मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने असे आखूड तुकडे सस्तन प्राण्यांच्या पेशींतही तेच काम करतात हे दाखवले, आणि २००६ मध्ये फायर व मेलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध आणि नोबेल यांत अवघी आठ वर्षे.

या तत्त्वावरची औषधे आज प्रत्यक्ष वापरात आहेत, हेही सांगितले पाहिजे, नाही तर हे सारे प्रयोगशाळेपुरतेच आहे असा समज होईल. ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरॅन या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर दिले जाते. घातक कोलेस्टेरॉल कमी करणारे इन्क्लिसिरॅन हे इंजेक्शन सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागते. आता लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की या दोन्ही औषधांचे कार्य यकृतात घडते. रक्तातून आलेले असे पदार्थ यकृत आपणहून ओढून घेते, आणि यकृताच्या पेशींनी ओळखावी अशी एक साखरेची खूण औषधाला जोडली, तर ते थेट तिथेच जाते. यकृताच्या बाबतीत निसर्गानेच दार उघडे ठेवले आहे. स्वादुपिंडातील गाठीचे तसे नाही, आणि या पत्रात मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेले असते. त्याच्या कर्करोगांपैकी सुमारे नव्वद टक्के कर्करोग पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरात सुरू होतात, आणि अशा गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत 'केरास' नावाचे एकच जनुक बिघडलेले आढळते. केरासचे प्रथिन पेशीच्या वाढीची कळ असते. एरवी ती चालू होते, काम झाले की बंद होते. त्या जनुकातील एका अक्षराच्या जागी दुसरे आले, की प्रथिनाच्या साखळीतील बाराव्या जागेवरचा ग्लायसीन हा दुवा बदलतो आणि कळ चालूच राहते. ग्लायसीनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल येणारा जी-१२-डी हा बदल सर्वांत जास्त, साधारण चाळीस टक्के रुग्णांत असतो. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एका अक्षराची चूक, आणि त्यावर एका माणसाचे आयुष्य टांगलेले. बारावीच्या मुलांना हे सांगताना वर्ग शांत होत असे.

केरास ज्या कुटुंबातले आहे, त्या रास जनुकांचा माणसाच्या कर्करोगातील हा बिघाड १९८२ मध्ये समोर आला. पण केरासच्या प्रथिनाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की त्याला घट्ट बिलगेल असे औषध जवळजवळ चार दशके रुग्णांपर्यंत आणता आले नाही. प्रथिनाला धरता येत नसेल तर ते तयारच होऊ देऊ नये, त्याची नक्कल आधीच फाडावी, हा विचार म्हणूनच इतका आकर्षक ठरला. शिवाय २१ अक्षरांचा तुकडा बेतताना तो बिघडलेल्या नकलेशी तंतोतंत जुळेल आणि निरोगी नकलेशी कमी जुळेल असा बेतता येतो. केमोथेरपी केसांच्या मुळांना, आतड्याच्या अस्तराला, रक्त बनवणाऱ्या पेशींना इजा करते. हा मार्ग तत्त्वतः फक्त कर्करोगाच्या पेशीतील चुकीच्या नकलेशी भांडतो. तत्त्व म्हणून ते खरोखर सुंदर आहे आणि त्यावर काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

अडचण पोहोचण्याची आहे. आरएनएचा उघडा तुकडा रक्तात सोडला तर रक्तातील विकरे काही मिनिटांत त्याचा भुगा करतात आणि उरलेला मूत्रपिंडातून बाहेर जातो. म्हणून त्याच्या रासायनिक रचनेत फेरफार करावे लागतात किंवा त्याला मेदाच्या सूक्ष्म थेंबात बंद करावे लागते. तो थेंब यकृत मधल्यामध्ये अडवते. त्यातूनही जो निसटतो, तो गाठीपाशी येतो तेव्हा त्याला भिंत लागते. स्वादुपिंडाची गाठ म्हणजे नुसता कर्करोगाच्या पेशींचा गोळा नसतो. तिचा बहुतांश भाग चिवट तंतुमय ऊतीचा असतो, ज्यात कर्करोगाच्या पेशी इथेतिथे विखुरलेल्या असतात. हाताला लागणारा तिचा कठीणपणा याच तंतूंमुळे असतो. त्या दाबाने आतल्या रक्तवाहिन्या चेपून जातात. ज्या वाटेने औषध यायचे तीच वाट बुजलेली. ही भिंत ओलांडून एखादा कण पेशीत शिरला, तरी पेशी त्याला एका पिशवीत कोंडते, आणि त्या पिशवीतून सुटून कामाच्या जागी जाणारे औषध अगदी थोडे, शेकड्यात एखाददुसरे कण एवढेच असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना यातले काहीही आड येत नाही. बशीतला प्रयोग यशस्वी होणे आणि रुग्णाला गुण येणे यांत इतके अंतर पडते ते यामुळे.

उंदरांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. अनेक प्रयोगांत माणसाच्या कर्करोगपेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली टोचून गाठ वाढवलेली असते. ती गाठ काही आठवड्यांत वाढलेली, भुसभुशीत, रक्तपुरवठा चांगला असलेली असते. माणसात ती वर्षानुवर्षे घट्ट होत आलेली असते. अधिक अस्सल नमुनाही फसवू शकतो, याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. २००९ मध्ये, स्वादुपिंडातच कर्करोग व्हावा अशा रीतीने जनुके बदललेल्या उंदरांना तंतुमय भिंत विरघळवणारे एक औषध दिले गेले. केमोथेरपी आत पोहोचू लागली आणि उंदीर अधिक दिवस जगले. मोठ्या आशेने तेच औषध माणसांना देण्यात आले, आणि २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटातील रुग्णांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती. जीन सायलेन्सिंगशी या औषधाचा संबंध नव्हता, पण भिंत तीच होती. २००९ ची बातमी ज्या कुटुंबांनी कापून ठेवली असेल, त्यांच्यापर्यंत २०१२ ची बातमी गेली का, हा प्रश्न मला छळतो.

मग माणसांवर काहीच झालेले नाही का? झाले आहे, आणि ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. इस्रायलमधील सायलेन्सीड या कंपनीने रक्ताची वाटच टाळली. जी-१२-डी बदलाची नक्कल फाडणारे तुकडे हळूहळू विरघळणाऱ्या एका बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) बारीक कांडीत भरले, आणि एंडोस्कोपीला जोडलेल्या सोनोग्राफीच्या साहाय्याने ती कांडी सुईवाटे थेट गाठीत रोवली. तिथे ती विरघळत काही महिने औषध सोडत राहते. यकृत नाही, रक्तातील विकरे नाहीत, भिंतीच्या आतच मुक्काम. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या चाचणीत शस्त्रक्रिया शक्य नसलेले १५ रुग्ण होते. ज्या १२ जणांच्या सीटी स्कॅनची तुलना करता आली, त्यांच्यापैकी कुणाचीही गाठ त्या तपासणीत वाढलेली दिसली नाही. दोघांची आकाराने कमी झाली होती. रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, सुमारे १५ महिने होता. हे आकडे वाचून कुणालाही हुरूप येईल. मलाही आला. मात्र या रुग्णांना सोबत केमोथेरपीही चालू होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि १५ ही संख्या औषध सुरक्षित आहे का एवढेच पाहण्यापुरती असते. शिवाय कांडी जिथे रोवली तिथेच काम करते. यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरलेल्या कर्करोगापर्यंत ती जाणार कशी?

त्यावरचा दुसरा विचार अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये रघू कल्लुरी यांच्या प्रयोगशाळेत पुढे आला. आपल्या पेशी एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असतात आणि त्यांतून एकमेकींकडे निरोप पाठवत असतात. या नैसर्गिक पिशव्यांतच औषध भरावे, अशी ती कल्पना. अशा पिशव्यांवर सीडी-४७ नावाचे एक प्रथिन असते, ते भक्षक पेशींना 'मला खाऊ नका' असे सांगणारी खूण असते. त्यामुळे त्या रक्तात अधिक वेळ टिकतात. २०१७ मध्ये उंदरांवरील उत्तम निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर ज्यांचा कर्करोग शरीरात पसरला आहे अशा मोजक्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली. पहिला टप्पा याचा अर्थ मात्रा किती द्यावी आणि ती सोसते का, हे पाहणे. रुग्ण त्यामुळे अधिक जगतात का, या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या टप्प्यात मिळते, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जीन सायलेन्सिंगचे एकही औषध माझ्या वाचनानुसार आजवर तो टप्पा ओलांडून मान्यतेपर्यंत आलेले नाही.

औषध पोहोचले तरी कर्करोग स्वस्थ बसेल असेही नाही. केरासची कळ हवी तेव्हा बंद करता येईल असे उंदीर तयार करून केलेल्या प्रयोगांत कळ बंद करताच गाठी आटल्या, पण काही उंदरांत त्या केरासशिवाय परत वाढल्या. यॅप-१ नावाच्या दुसऱ्याच जनुकाने वाढीची सूत्रे हाती घेतली होती, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. त्यातच, या कर्करोगात केरासखेरीज ज्या तीन जनुकांत वारंवार बिघाड असतो, ती पी-५३, सीडीकेएन-२-ए आणि स्मॅड-४ ही जनुके मुळात वाढीला लगाम घालणारी आहेत. कर्करोगात तो लगामच तुटलेला असतो. जे जनुक आधीच निकामी झाले आहे, त्याला गप्प करून काय साधणार? म्हणून या तंत्राची जागा बहुधा केमोथेरपीच्या जोडीला असेल, तिच्याऐवजी नाही, असे मला वाटते. केरासच्या प्रथिनाला बिलगणाऱ्या गोळ्यांनीही आता वेग घेतला आहे. त्याच जनुकाच्या एका वेगळ्या बदलावर फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशा पहिल्या गोळीला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, आणि स्वादुपिंडासाठीच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. कदाचित त्या आधी पोहोचतील.

'येणाऱ्या' औषधाच्या बातमीने हातातले औषध सुटू नये, याची मला सर्वांत अधिक काळजी आहे. जगात २०२२ मध्ये सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावले; हे दोन आकडे इतके जवळ असणे हीच या आजाराची ओळख आहे. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसतो, तरी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झाले, तेव्हा मराठी घराघरांत त्याचे नाव पोहोचले. असे असूनही उपचार एका जागी थांबलेले नाहीत. जेमसायटाबीन या केमोथेरपीच्या औषधाचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आयुष्य जुन्या औषधाच्या तुलनेत महिना-सव्वा महिनाच वाढत होते. २०११ मध्ये चार औषधांच्या फोल्फिरिनॉक्स या एकत्रित उपचाराने पसरलेल्या आजारातील आयुर्मानाचा मध्यांक ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना त्याच औषधांची थोडी सौम्य मात्रा दिल्यावर तो ३५ वरून ५४ महिन्यांवर गेला, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. दीड वर्षाहून अधिक काळ! या बातमीला किती मराठी वर्तमानपत्रांनी मथळा दिला, मला आठवत नाही. केमोथेरपी हा शब्द आपल्या घरांत केवळ भीतीने उच्चारला जातो, आणि जनुकाचे नाव घेतले की ते औषध निर्मळ, त्रासाविना असणार असे मनाने धरले जाते. आजारी माणूस त्रास नसलेल्या वाटेकडे वळणारच. दादाही वळले.

म्हणून माझी आपणास विनंती आहे, की अशा संशोधनाची बातमी देताना प्रयोग बशीत झाला, उंदरावर झाला की माणसावर, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. माणसावर झाला असेल तर किती जणांवर, कोणत्या टप्प्यावर, तुलनेला गट होता की नाही, हे सांगावे. आणि हे औषध आज कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही, चालू उपचार थांबवू नयेत, असे एक वाक्य न संकोचता छापावे. भारतात कुठे चाचणी चालू असेल तर तिचा नोंदणी क्रमांकही द्यावा. आपल्या देशात औषधचाचण्यांची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून ती सक्तीची आहे. ती यादी कुणालाही विनामूल्य पाहता येते. हा क्रमांक मागितला, की खोट्या आशेचा व्यापार करणारे गप्प बसतात. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, तरी 'जीन थेरपी' हे नाव लावून रुग्णांना गाठणारे लोक भेटतात. आमच्याकडेही अशा एकाचा फोन आला होता, आणि आम्ही पैसे भरले नाहीत ते केवळ दादांच्या डॉक्टरांना आधी विचारले म्हणून.

आपल्याकडे हे संशोधन होणार नाही असे मी मुळीच मानत नाही. मुंबईतच, आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशींमध्ये जनुकीय बदल करून देण्याचा उपचार तयार झाला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत परदेशातील तशा उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे. त्याच धर्तीवर केरासवरील औषधांचे कामही इथे उभे राहू शकते. त्यासाठी शासनाने एक गोष्ट आताच करावी: या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या गाठीची जनुकीय तपासणी सरकारी योजनेतून व्हावी. ज्याच्या गाठीत जी-१२-डी आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याला उद्या योग्य चाचणीत सामील कसे करून घेणार? दादांच्या गाठीची अशी तपासणी झाली नव्हती. त्या वेळी कुणी सुचवलीही नाही, आणि खर्चाचा आकडा ऐकून आम्हीच मागे सरलो असतो, हेही खरे.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. यंदा त्या दिवशी आपल्या आरोग्य पानावर नव्या औषधांइतकीच जागा लक्षणांना मिळावी, अशी विनंती आहे. पन्नाशीनंतर अकारण निघालेला मधुमेह आणि त्यासोबत उतरणारे वजन, पोटातून पाठीत जाणारी व रात्री वाढणारी कळ, न दुखता आलेली कावीळ, तेलकट व तरंगणारे शौच: यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पोटाचा सीटी स्कॅन करावा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा, असे ठळक अक्षरांत छापावे. तंबाखू या कर्करोगाची जोखीम वाढवते, हेही त्याच चौकटीत असावे. तो मजकूर तयार करण्यास माझी मदत झाली तर मला समाधान वाटेल. निवृत्तीनंतर वेळ आहे आणि शिकवण्याची सवय अजून सुटलेली नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
सातारा